गुहेतल्या अस्वलाचा पंजा

२ फेब्रुवारी

भुंग्या,

तू आमच्या गावात येऊन गेलास का? एवढं एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस, तब्येत विचारू नकोस, मी बरी आहे.

मायना मुद्दामच घातला नाही. तुला आता चिरंजीव म्हणावं की श्रीयुत, हेच मला ठरवता येत नाही. आधीच्या पत्रांना उत्तर नाही, तरी हे लिहायला बसले, याला हवं तर निर्लज्जपणा म्हण. मावसभाऊ म्हणतो पत्ता बरोबर आहे, तू अजून त्याच गॅरेजमध्ये काम करतोस. पत्रं परतही येत नाहीत. म्हणजे कोणीतरी घेतंय. तू घेऊन न वाचता ठेवतोस, की वाचून ठेवतोस, की तिथलं कोणी त्यावर तेलाचे डबे ठेवतं, ते मला इथं बसून कसं कळणार?

विचारायचं कारण ऐकून हसशील. हस खुशाल.

मागे लिहिलं होतं तसं मी हल्ली नामशेष झालेल्या जनावरांची चित्रं काढते. आठवडाभर दुकानात लोकांच्या पँटी कमरेत आत घ्यायच्या किंवा बाहेर सोडायच्या, आणि रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जायचं. तिथं आम्ही पाचसहा हौशी जमतो. शाळेतून निवृत्त झालेले जीवशास्त्राचे सर आहेत, एक बस ड्रायव्हर आहेत, हॉस्पिटलात एक्सरे काढणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही एक्सरेवाले म्हणतो. पुस्तकातली हाडं समोर ठेवायची आणि त्यांच्यावर मांस, कातडी, केस, काय असेल ते चढवून जनावर उभं करायचं. सगळ्यांना एकाच सांगाड्याची प्रत मिळते. दुसऱ्याच्या कागदात डोकवायचं नाही. झालं की सगळी चित्रं भिंतीवर शेजारीशेजारी टाचायची, आणि मग ज्यानं हाडं आणली त्यानं सांगायचं की हे कोण होतं. नाव शेवटी, हा आमचा नियम.

भिंत बघण्यासारखी असते. हाडं तीच, पण सरांची सगळी जनावरं उपाशी असतात आणि ड्रायव्हरकाकांची सगळी पोट सुटलेली. सर म्हणतात, "हाडं खोटं बोलत नाहीत." काका म्हणतात, "सर, हाडं काहीच बोलत नाहीत. बोलतो ते आपण." यावरून त्यांचं दर रविवारी वाजतं.

या खेपेला पाळी एक्सरेवाल्यांची होती. त्यांनी एका प्लेटवरून काढलेली मोठी प्रत आणली. नुसता तळवा आणि चार बोटं, अंगठ्याची बाजू कापलेली. सर लगेच म्हणाले, गुहेतलं अस्वल, हिमयुगातलं. आम्हीही माना डोलावल्या. अस्वलाचा पंजा आणि माणसाचा हात यांची हाडं इतकी सारखी दिसतात की भलेभले फसतात. मी कामाला लागले. गादीसारखा तळवा काढला, नख्या काढल्या, मनगटाशी दाट केस काढले. करंगळीशेजारच्या बोटाशी आले आणि पेन्सिल थांबली. ते हाड कधीतरी मोडून तिरकं जुळलेलं होतं. जुळल्या जागी गाठ होती, घाईत ठिगळ लावताना दोऱ्याचा गोळा होतो तशी.

शाळेच्या झोपाळ्याच्या साखळीत तुझं बोट सापडलं होतं. आईनं फुटपट्टीचा तुकडा लावून ते जुन्या उशीच्या कापडानं बांधलं. डॉक्टरकडं न्यायचं उद्यावर गेलं, उद्याचं परवावर, आणि बोट आपलं आपण जुळलं, तिरकं. तू त्या हातानं बटणं लावताना ते बोट नेहमी बाजूला राहायचं. सुटलेलं बटण मी लावायचे.

मी मोठ्यानं म्हटलं, "हे अस्वल नाही. हा माझा भाऊ आहे." सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला खाली बसावं लागलं. काकांनी पाणी दिलं. मी एक्सरेवाल्यांना विचारलं, ही प्लेट कोणाची? ते चष्मा पुसायला लागले. म्हणाले, "पेशंटची माहिती आम्हाला बाहेर सांगता येत नाही, ताई."

म्हणजे पेशंट. म्हणजे इथलं हॉस्पिटल. आता तूच सांग, मी काय समजू? येऊन गेलास का? आणि हाताला काय झालंय?

ताई


११ फेब्रुवारी

भुंग्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मग मीच बोलते.

या गावात येऊन, हात दाखवून, एक्सरे काढून तू परत गेलास, आणि हॉस्पिटलपासून माझं घर चालत येण्यासारखं आहे, तरी आला नाहीस? मावसभावाकडून माझा पत्ता तुला केव्हाच मिळालाय, नाही असं म्हणू नकोस. पावलं दुखली का? की दारात उभा राहून परत गेलास? तुला तशी सवय आहे.

बघ, लिहायचं नव्हतं ते लिहिलं गेलं. आता खोडत नाही.

आई गेली त्या आठवड्यात तू आलास. दारात उभा राहिलास, मी आत घेतलं, चहा दिला. तू अर्धा प्यालास. बशी खाली ठेवलीस, म्हणालास, "काडेपेटी घेऊन येतो." आणि गेलास तो गेलास. चहा मी झाकून ठेवला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मग माझ्याजवळ एक कारण असतं, ते मी घासूनपुसून ठेवलं असतं, पाहुण्यांना दाखवलं असतं. लोक विचारतात, काय झालं हो बहीणभावांत? मी काय सांगू? काडेपेटी?

मी काय बोलले होते तेव्हा, ते मी कितीदा तरी आठवून पाहिलंय. "दमलास का" असं म्हटलं होतं. "आईची खोली बघतोस का" असं म्हटलं होतं. तू म्हणालास, नंतर. यात राग येण्यासारखं काय होतं? की राग नव्हताच? मग काय होतं? माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

रविवारी मी प्रत परत समोर घेतली. केस पुसले, नख्या पुसल्या. नुसता हात काढला. आम्ही जनावरं काढतो तेव्हा नवशिक्यांची चूक ठरलेली असते. हाडावर सरळ कातडं ताणतात, मध्ये मांस ठेवायचं विसरतात. दुकानात मालकीणबाई नव्या मुलींना हेच सांगतात, अंगाला धरून माप घेतलं तर माणूस बसणार कसा? थोडं सैल सोडा. मी सैल सोडत सोडत हात काढला. बोटांची पेरं, तळव्याची कड, नखांभोवतीचं काळं, तू गॅरेजमध्ये आहेस म्हणून. आणि तो तुझाच हात झाला, भुंग्या. शपथ घ्यायला सांगितलीस तर घेईन.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही की मी तुला पत्रं लिहिते. दुपारच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर लिहिते. ह्यांना फक्त चित्र दाखवलं. ते छापखान्यातून थकून आले होते. म्हणाले, "तुझ्या त्या जनावरांची जेवणं झाली असतील तर आमचंही बघ." मग चित्राकडं नीट बघून म्हणाले, "हे कुठलं जनावर?" मी म्हटलं, ओळखा. म्हणाले, "माणसाचा हात दिसतोय. कामकरी माणसाचा." जेवताना मात्र माझ्याकडं बघत होते.

एक्सरेवाल्यांना परत विचारलं. त्यांनी कानांवर हात ठेवले. "ताई, नियम आहे." मी म्हटलं, नाव नको, गाव नको, बोट नवं मोडलंय की जुनं एवढं तरी सांगा. ते म्हणाले, "जुनं आहे." आणि चहाच्या थर्मासचं झाकण लावत बसले, लागलेलंच होतं ते.

जुनं म्हणजे तुझंच. मग एक्सरे कशासाठी? दुसरं काही मोडलं का? कापलेल्या बाजूला काय होतं, अंगठ्याला काही झालं का? अंगठ्याशिवाय पाना कसा धरशील?

रागावले आहे. तरी कळव.

ताई


२५ फेब्रुवारी

भुंग्या,

मी हॉस्पिटलात जाऊन बसते. आजारी नाही, घाबरू नकोस. एक्सरेच्या खोलीबाहेर भिंतीला लागून बाकं आहेत, तिथं दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन बसते. हात मोडलेला माणूस परत दाखवायला येतोच, असं मला वाटलं. मालकीणबाईंना सांगितलंय, दातांचं काम चाललंय. त्या म्हणाल्या, एवढे दात आहेत तरी किती तुला?

पहिल्या दिवशी कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "नंबर कितवा तुमचा?"

"नंबर नाही. मी भावाची वाट बघतेय."

"आत आहे का?"

"माहीत नाही."

"मग बाहेर आहे का?"

"तेही माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला दुसऱ्याच विभागात पाठवावं का याचा विचार चालला असावा. आता ओळख झालीय. बाकावर माझी जागा धरून ठेवतात.

मी हात बघते. तोंडं बघतच नाही. तोंडं सगळ्यांची तिथं सारखीच असतात, ताणलेली. हात मात्र काय एकेक असतात. एका म्हातारीचे हात इतके वाकलेले होते की मला झाडावर उलटं लटकणाऱ्या जनावराची आठवण झाली, आणि ती त्याच हातांनी नातवाच्या बुटाची नाडी बांधत होती. एक जण प्लास्टर घातलेल्या हातावर पेन्सिलीनं हिशेब करत होता. मी वही काढून दोनचार हात उतरवलेही. एकानं विचारलं, "बाई, तुम्ही हात बघता का?" म्हटलं, हो, बघते. त्यानं तळवा पुढं केला आणि म्हणाला, "मग सांगा, नोकरी कधी लागेल?" मी सांगितलं, लागेल लवकर. काय करणार?

गेल्या आठवड्यात एक फजिती झाली. पाठमोरा तूच होतास. तोच तिरका खांदा, चालताना डावा पाय जरा बाहेर. मी जिन्यावरून पळत खाली गेले आणि भर रस्त्यात ओरडले, "भुंग्या!" तो वळला. चांगला साठीचा, टाय लावलेला गृहस्थ. म्हणाला, "मला म्हणालात?" मी म्हटलं, नाही, भुंगा होता, तुमच्या कॉलरवर. त्यानं बिचाऱ्यानं कॉलर झटकली, वर माझे आभार मानले.

हसतोस ना? मीही हसले. पण घरी येऊन विचार केला, तू आता खरोखर कसा दिसतोस हे मला माहीत नाही. केस आहेत का? मी ज्याच्या मागं पळाले तो तू गेलास तेव्हाचा. तेवढाच मला ठाऊक आहे.

तरी एक गोष्ट सांगू? मला हल्ली बरं वाटतं. राग आहे, काळजी आहे, डोक्यात गोंधळ आहे, आणि तरी बरं वाटतं. तू याच गावात कुठंतरी असशील म्हणून मी कामावर जाताना बरे कपडे घालते. कोपऱ्यावर वळताना पदराकडं, केसांकडं हात जातो. कोणी दार वाजवलं की आधी तू, मग दूधवाला. सर म्हणाले, तुमच्या रेषेत हल्ली जोर आलाय. ड्रायव्हरकाका म्हणाले, जोर नाही सर, भूक आलीय.

एक्सरेवाले मात्र मला बाहेर बसलेलं बघितलं की आत जातात. पेशंटला आत बोलवायला दुसऱ्याला पाठवतात. तू त्यांना काही सांगून ठेवलंयस का? माझ्या बहिणीला सांगू नका म्हणून? तसं असेल तर तेही कळव. निदान कोणापाशी तरी माझं नाव काढलंस असं तरी होईल.

ताई


४ मार्च

भुंग्या,

तू आलाच नव्हतास.

आज एक्सरेवाले बाहेर आले. बाकावर माझ्याशेजारी बसले. मी वहीतलं तुझ्या हाताचं चित्र उघडून बसले होते, कोणी ओळखतंय का म्हणून.

"ताई, तुम्ही रोज इथं येऊ नका."

"बंदी आहे का?"

"बंदी नाही. पण तुमचा भाऊ इथं येणार नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या वहीवर, चित्राच्या शेजारी, पालथा ठेवला. करंगळीशेजारचं बोट तिरकं. मधल्या पेरावर गाठ. मी हाताकडं बघितलं, चित्राकडं बघितलं, परत हाताकडं. फक्त नखं स्वच्छ होती. नखांभोवतीचं काळं माझं होतं.

"प्लेट माझीच आहे," ते म्हणाले. "शिकत होतो तेव्हाची. वर्गात आम्ही एकमेकांच्या हातांचे एक्सरे काढायचो. बोट त्याच्या आधी मोडलेलं, मोटारीच्या दारात. मला वाटलं, गंमत करू. तुम्ही सगळे अस्वलं काढाल, भिंतीवर लावाल, आणि शेवटी नाव सांगायची वेळ आली की मी माझा हात अस्वलांशेजारी भिंतीवर ठेवीन. तेवढीच गंमत होती, ताई."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही आधीच बोललात. आणि मग तुम्ही खाली बसलात. मला काही सुचेना. तोंडातून पेशंट निघून गेलं."

"आणि नंतर? नंतरच्या रविवारी?"

ते आपल्या बोटाकडं बघत म्हणाले, "तुम्ही खूश दिसत होता."

त्या कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी चहा मागवला, तो तिघांनी घेतला. कप एक्सरेवाल्यांनीच माझ्या हातात दिला, डाव्या हातानं. दर रविवारी असाच देतात. ते डावखुरे आहेत हे मला माहीत आहे, मला साखर कमी लागते हे त्यांना माहीत आहे. इतकी वर्षं ते बोट माझ्या कपाच्या कानाला लागून माझ्यापुढं येतंय, आणि मी पुस्तकातल्या हाडांत मान घालून बसले होते.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. पत्रांचंही सांगितलं. ते म्हणाले, "पत्रांचं माहीत होतं. तुझ्या बोटांना शाई लागते." मग म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे तो आला नव्हता."

"नाही."

"मग बरं झालं की वाईट?"

हात मोडलेला नाही, तू धडधाकट आहेस, हे बरं. गावात येऊन तू मला टाळलं नाहीस, हेही बरं, त्या रागाची पत्रं मी उगाच लिहिली, ती सोडून दे. पण इतके दिवस मला गावात एक भाऊ होता. तो आज दुपारी गेला, हॉस्पिटलच्या बाकावरून. त्याच्यासाठी मी रडले. ह्यांना वाटलं तुझ्यासाठी.

ताई


१० मार्च

भुंग्या,

रविवारी भिंतीवर चित्रं लावली. अर्धवट राहिलेला नियम पुरा करावा असं सरांचं म्हणणं पडलं. चार अस्वलं आणि माझा हात. एक्सरेवाल्यांनी ठरल्याप्रमाणं शेवटी आपला हात भिंतीवर ठेवला, पण कानापर्यंत लाल झाले होते. कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "मी अस्वल म्हणालो तिथंच सगळ्यांची दिशाभूल झाली." ड्रायव्हरकाकांनी माझं चित्र जवळ जाऊन बघितलं. म्हणाले, "मांस अगदी बरोबर बसलंय. माणूस तेवढा चुकला."

घरी आले आणि म्हटलं, आता खरा काढू. समोर प्रत नाही, प्लेट नाही, नुसता आठवून. कागद घेतला. डावा हात काढायला घेतला, आणि वाटलं, डावाच ना?

माझ्या डोळ्यांसमोर तू झोपाळ्याजवळ उभा आहेस, हात वर धरून, रडतही नाहीस, नुसता बघतोयस. तू माझ्यासमोर आहेस, म्हणजे माझ्या उजवीकडं दिसतो तो तुझा डावा. पण ही आठवण मी मनात इतक्या वेळा उलटसुलट केलीय की एखाद्या वेळी ती उलटीच पडली असेल. एक्सरेची प्लेट अशीच उलटी धरली तर डावा उजवा होतो, एक्सरेवाले त्यासाठी कोपऱ्यात खूण करतात. माझ्या आठवणीच्या कोपऱ्यात काही खूण नाही.

ह्यांना विचारलं. आमच्या लग्नात तू ह्यांच्याशी हात मिळवला होतास. म्हणाले, उजवा, ते बोट मला टोचलं होतं. मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, कुठलं बोट? करंगळी होती ना? आणि झोपाळा कुठला, सायकलची चेन होती. मी फोन ठेवला. मी त्याच्याशी भांडले असते, पण मला माझीच खात्री राहिली नाही. साखळी होती हे नक्की. चेन हीसुद्धा साखळीच. फुटपट्टी नक्की. उशीचं कापडही नक्की, त्यावर निळ्या रेघा होत्या. हात कुठला, बोट कुठलं, ते गेलं. एक परका हात मी तुझा म्हणून गावभर घेऊन फिरले, आणि आता तो माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझा हात आठवायला गेले की एक्सरेवाल्यांचा येतो, कप घेऊन.

हे मी सहन करू शकत नाही, भुंग्या. तू बोलत नाहीस ते सहन केलं. गेलास ते केलं. कदाचित उद्या त्याचंही कारण कळेल, कदाचित तुलाही ते नीट माहीत नसेल, अर्धा चहा ठेवून उठावंसं का वाटलं ते. मी आता विचारत नाही. पण जे होतं, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, ज्याची बटणं मी लावली होती, तेही माझ्याजवळून जावं हे काही खरं नाही. कोणीतरी मला सांगायला हवं, आणि ते तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

तुला लिहिता येत नसेल तर लिहू नकोस. मायना नको, तब्येत नको, इकडचंतिकडचं काही नको. या पत्रात एक घडी घातलेला कोरा कागद आहे. तो गॅरेजमधल्या एखाद्या सपाट फळीवर पसर. हात त्याच्यावर ठेव, बोटं सोडून, दाबू नकोस. दुसऱ्या हातानं पेन्सिल कडेकडेनं फिरव. तेल लागलं तर लागू दे. आणि पाठवून दे. पत्ता मी सोबत घातलेल्या पाकिटावर लिहून ठेवलाय, तिकीटही लावलंय.

डावा की उजवा, ते तुझं तू बघ. दोन्ही काढलेस तरी पुरेल, कागद मोठा घेतलाय.

ताई